दाखला काढण्याआधी

“मॅडम, तो आता शाळेचं नावच काढत नाही. शाळेतूनही म्हणाले, येत नसेल तर दाखला घेऊन जा. काढू का?”

पंचवटीत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा नववीत, वय १५ पूर्ण. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सप्टेंबर-ऑक्टोबरात नाशिकच्या वस्त्यांमधून आमच्याकडे असे प्रश्न येतात आणि बहुतेक वेळा मूल नववीतलंच असतं. त्याला कारण आहे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत, शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण ६ ते १४ वयापर्यंत. अनेक मुलांची घराजवळची शाळाही आठवीलाच संपते. हे सगळे आधार एकाच जूनमध्ये सुटतात आणि त्याच वर्षी बीजगणित अंगावर येतं.

आईला पहिलं उत्तर एवढंच दिलं: ताई, दाखला काढू नका. नाव पटावर आहे तोवर परत वर्गात बसायला कुणाची परवानगी लागत नाही. दाखला हातात आला की शाळेचा पट कमी होतो, मुलामागे फिरायची जबाबदारी कुणावरच राहत नाही आणि पुन्हा प्रवेशासाठी दारोदार जावं लागतं.

मग वर्गशिक्षकांकडून जुलै ते सप्टेंबरची हजेरी मागवली. टक्केवारी पाहण्यापेक्षा गैरहजेरी वारानुसार मांडून पाहावी, त्यातून जास्त कळतं. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार रिकामे होते. सोमवार, बुधवार आणि गुरुवारच्या रात्री मुलगा पेठ रोडच्या मार्केट यार्डात गाड्या भरायला जायचा, पहाटे घरी यायचा. इथवर हिशोब जुळला. पण सोमवारही जवळजवळ सगळे रिकामे होते आणि रविवारी रात्री तर काम नव्हतं. वेळापत्रक पाहिलं: सोमवारी पहिले दोन्ही तास गणिताचे. म्हणजे गाठ पैशाचीही होती आणि गणिताचीही. एकच सोडवून भागणार नव्हतं.

अशी मुलं सरकारी मोजणीतही सहज निसटतात. सलग महिनाभर न आलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं. हा मुलगा आठवड्यातून एखाद-दोन दिवस यायचा, त्यामुळे कोणत्याच यादीत नव्हता. गळती अशी हळूहळूच होते.

मुलाला “शाळेत का जात नाहीस?” असं विचारू नये. “मन लागत नाही” हे एकच उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. “शेवटचा शाळेत गेलास त्या दिवशी काय काय झालं, पहिल्या घंटेपासून सांग,” असं विचारल्यावर तो बोलला. आल्या आल्या सर्वांसमोर “पाहुणे आले” असं ऐकावं लागलं, मग फळ्यापाशी उभं केलं, उदाहरण जमलं नाही, वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून तो दप्तर घेऊन निघायचा आणि गोदाघाटावर बसून राहायचा.

वीस मिनिटांची साधी चाचणी घेतली: चौथीच्या पुस्तकातला एक उतारा, हातच्याची वजाबाकी, भागाकार, दोन अपूर्णांक. वाचन हळू पण नीट. ८१६ ला ४ ने भागून उत्तर लिहिलं २४. मधलं शून्य गळलं, ही पाचवीच्या आसपास राहून गेलेली उणीव. ज्याला २०४ आणि २४ यातला फरक खटकत नाही, त्याच्यासमोर बहुपदी ठेवून काय होणार? पण त्यालाच तोंडी विचारलं, “वीस किलोची टोमॅटोची जाळी ३६० ला गेली, किलो कितीला पडला?” क्षणात म्हणाला, “अठरा.” गणित डोक्यात होतं, कागदावर उतरत नव्हतं. त्यामुळे उजळणी जाळ्यांच्या हिशोबापासूनच सुरू केली: आधी तोंडी, मग तेच लिहून. रोज ४० मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, सहा आठवडे. तासभर ठेवला की अशी मुलं दुसऱ्या आठवड्यात गळतात.

वर्गशिक्षकांकडे “जरा लक्ष द्या” अशी विनंती निरुपयोगी ठरते. तीनच नेमक्या गोष्टी मागितल्या. महिनाभर फळ्यापाशी बोलवायचं नाही आणि गैरहजेरीवर वर्गात बोलायचं नाही. जागा दुसऱ्या बाकावर, त्याच्याच गल्लीतल्या मुलाशेजारी, म्हणजे सकाळी हाक मारायला कुणीतरी असेल. बुडलेली घटक चाचणी पुन्हा घ्यायची. शिक्षकांनी तिन्ही मान्य केल्या. त्यांनाही मूल हवंच होतं.

पैशाचा भाग सर्वांत अवघड. रात्रीला २५० प्रमाणे महिन्याला साधारण ३,००० रुपये घरात येत होते. “शिक्षण महत्त्वाचं आहे” असं सांगून ती जागा भरत नाही. वडील नसलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची. कागद लागतात ते असे: वडिलांचा मृत्यू दाखला, आई आणि मुलगा दोघांचं आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक खातं. अर्ज अडतात ते बहुधा नावांच्या फरकाने: आधारवर एक नाव, शाळेत दुसरं. ते आधी तपासा. पैसे यायला महिने जातात, हेही आईला पहिल्याच दिवशी सांगावं.

तोवर काय? रात्रीची हमाली या वयाला योग्य नाहीच. पण ती एका दिवसात बंद करा म्हटलं असतं तर मुलगा आमच्याकडे यायचाच बंद झाला असता. आधी बुधवार-गुरुवारच्या रात्री सुटल्या, दिवाळीपर्यंत सोमवारही. बदल्यात रविवारी सकाळी मामाच्या भाजीच्या गाडीवर मदत ठरली.

मधे मामांनीच शंका काढली: “नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देईल की.” शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायची ती वाट खरी आहे, पण नववीत भागाकार अडलेला मुलगा घरी एकट्याने दहावीची तयारी करील, ही आशा ठेवू नये. तो शेवटचा पर्याय.

खरी परीक्षा दिवाळीच्या सुट्टीनंतर येते. सुट्टीत पुन्हा कमाईची सवय लागते. त्यामुळे शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी घरी फोन केला, शेजारच्या मुलालाही सांगून ठेवलं. पहिला दिवस बुडालाच. दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर गेले.

डिसेंबरात महिन्याला चार-पाच दिवस बुडत होते, पण सोमवार नव्हते. बालसंगोपनाचा अर्ज अजून मंजुरीत आहे, आणि आई दर पंधरा दिवसांनी कार्यालयात जाऊन विचारून येते.