फेब्रुवारीत आई-बाबा नाशिकहून ट्रॉम्सोला येतायत. थंडी आणि नॉर्दर्न लाइट्ससाठी काय तयारी करू?

तुमच्या सविस्तर प्रश्नात थंडीबद्दल दहा ओळी आहेत आणि पाय घसरण्याबद्दल एक. हे प्रमाण उलटं करा. आई ६६, गुडघे दुखतात. बाबा ७१, मधुमेह. दोघं फेब्रुवारीच्या मध्यात १० दिवस राहणार आणि नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेकडच्या आकाशात रात्री दिसणारे रंगीत प्रकाशझोत, बघायचेच, असं तुम्ही लिहिलंय. व्हिसा झालाय, त्यामुळे त्यात जात नाही.

नॉर्वेतलं ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेला असलं तरी समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे शहरात कडाक्याची थंडी क्वचितच पडते. फेब्रुवारीत पारा बहुतेक वेळा ० ते उणे १० च्या मधे खेळतो. घोळ नेमका तिथेच आहे. दुपारी १-२ अंश होतं, बर्फ वितळतो, वर पाऊस पडतो आणि रात्री सगळं गोठतं. अशा सकाळी फुटपाथवर साबण सांडल्यासारखी स्थिती असते. साठी-सत्तरीतल्या पाहुण्यांची सहल बिघडते ती बहुतेक मनगट किंवा खुबा मोडून, गारठून नव्हे.

म्हणून पहिला खर्च ब्रोडरवर करा, म्हणजे बुटाखाली चढवायच्या लोखंडी खिळ्यांच्या रबरी पट्ट्यांवर. क्रीडा साहित्याच्या दुकानात मिळतात. नुसत्या टाचेला लागणाऱ्या घेऊ नका; पुढच्या चवड्यालाही खिळे हवेत. दोन अडचणी आधीच माहीत असू द्या. गारठ्यात रबर कडक होतं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून ते चढवता येत नाही. ते घरातच, स्टुलावर बसवून, तुम्ही चढवा. दुसरं, हेच खिळे दुकानातल्या गुळगुळीत टाइल्सवर बर्फापेक्षा जास्त घसरतात, त्यामुळे दारात काढावे लागतात. दिवसातून पाच वेळा काढघाल होणार असेल तर आईंसाठी तळव्यातच उघडमिट करता येणारे खिळे असलेले बूट बघा. महाग असतात, पण वाचवतात. चालताना छोटी पावलं, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. आणि उतरत्या छपरांच्या कडेने चालू नये, वरून बर्फाचे थर निसटतात.

बूट भारतातून आणू नयेत असं माझं मत. इथे घ्या, नेहमीपेक्षा एक माप मोठे: लोकरी मोजा घातल्यावर बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट लवकर गार पडतात.

कपड्यांत सगळ्यात हमखास होणारी चूक म्हणजे थर्मलच्या आत सुती बनियन. सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तो अंगावरच गार होतो. अंगाला लागून मेरिनो लोकर, मधे फ्लीस किंवा स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट, एवढंच. थर सैल असावेत. उणे ५ तापमानात ताशी ३६ किमी वारा असेल तर अंगाला उणे १३-१४ सारखं लागतं, त्यामुळे बाहेरचा थर जाड असण्यापेक्षा वारा अडवणारा असणं महत्त्वाचं. हातमोजे पाच बोटांचे नकोत, एकत्र पिशवीवाले घ्या. साडी नेसायचीच असेल तर घरात किंवा रेस्टॉरंटात. बाहेर निऱ्यांची किनार ओली होते, मग गोठते, आणि पायात येते ते वेगळंच. आईंना पँटसाठी आत्तापासून तयार करा, विमानतळावर नको. माकडटोपी मात्र जरूर आणायला सांगा, इथल्या वाऱ्यात तिच्यासारखं काही नाही.

सगळ्यांच्या जॅकेटला रेफ्लेक्स, म्हणजे उजेड पडला की चमकणारे बिल्ले किंवा पट्ट्या, लावा. गाडीचे दिवे डिपरवर असताना गडद कपड्यांतला माणूस ड्रायव्हरला २५-३० मीटरवर दिसतो, रेफ्लेक्स असेल तर त्याच्या कितीतरी आधी.

बाबांच्या मधुमेहाबद्दल. पायांना बधिरपणा असेल तर ऊब देणाऱ्या त्या रासायनिक पुड्या बुटात घालू देऊ नका. भाजलं तरी त्यांना कळत नाही. रोज रात्री तळवे आणि बोटं बघा. इन्सुलिन गोठलं की टाकूनच द्यावं लागतं, म्हणून ते जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाजवळ, आणि विमानात केबिन बॅगेतच. ग्लुकोमीटरही गार पडला की एरर दाखवतो किंवा चुकीचा आकडा देतो, तोही आतच. भारताची वेळ हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, चिठ्ठीवर औषधांची जेनेरिक नावं इंग्रजीत असू द्या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर वाऱ्याविरुद्ध चढ चढणं आणि हौसेने अंगणातला बर्फ उपसणं, दोन्ही बंद. तातडीच्या वैद्यकीय मदतीला ११३, एवढी निकड नसेल तर लेगेवाक्तला, म्हणजे अवेळी डॉक्टर मिळणाऱ्या दवाखान्याला, ११६११७.

आता नॉर्दर्न लाइट्स. ट्रॉम्सो ऑरोराच्या, म्हणजे याच लाइट्सच्या, पट्ट्याखालीच आहे, त्यामुळे केपी (लाइट्सचा जोर सांगणारा ० ते ९ चा आकडा) १ किंवा २ असला तरी दिसतात. लोक केपीचे आकडे बघत बसतात. आडवे येतात ते ढग. यर या नॉर्वेच्या हवामान सेवेवर तासागणिक ढग बघा, ट्रॉम्सोपुरतेच नाही, तर एर्सफ्योर्डबोत, शीबोत आणि फिनलंडमधलं किल्पिसयार्वी अशा तीन ठिकाणांचे. शीबोत ल्युंगेनच्या डोंगररांगेच्या आडोशाला आहे, ढग तिथे पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात; शहरावर झाकोळ असताना तिथे आकाश मोकळं मिळण्याची शक्यता चांगली. पण तिथे आणि पुढे थंडी उणे २० च्या खाली जाऊ शकते, शहराच्या हिशोबाने कपडे घालून जाऊ नका. किल्पिसयार्वीला जाताना हद्द ओलांडता, पासपोर्ट खिशात हवेत.

आणि झोप! इथे रात्रीचे ८ म्हणजे त्यांच्या शरीराचे साडेबारा. पहिल्या दोन दिवसांत रात्री १० ला निघणारी टूर घेतलीत तर दोघं मिनीबसमध्ये घोरत बसतील. फेब्रुवारीच्या मध्यात संध्याकाळी ६ पर्यंत पुरेसा अंधार होतो आणि लाइट्स ६-७ लाही येतात. सुरुवातीला घराजवळ, टेलेग्राफबुक्तासारख्या ठिकाणी, संध्याकाळीच चक्कर मारा. लांबची मोहीम चौथ्या रात्रीनंतर, दुपारी दोन तास झोपवून. टूर आधी ठरवायचीच असेल तर तारीख बदलून देणारी घ्या. ढगांचा पाठलाग करणाऱ्या मिनीबस सहा-आठ तास फिरतात, परत यायला १-२ वाजतात, आणि बहुतेकांत शौचालय नसतं. हे कोणी जाहिरातीत सांगत नाही. या वयात तोच खरा प्रश्न असतो. बुक करताना थेट विचारा: कुठे थांबता, किती वेळाने, शौचालय आहे का. फिरवत न नेता एकाच उबदार ठिकाणी बसवून ठेवणारी टूर, म्हणजे तंबू, शेकोटी, जवळ शौचालय, तुमच्या आईंना जास्त झेपेल. आकाश मोकळं नसेल तर ती वाया जाते, हा त्यातला जुगार.

आधीच सांगून ठेवा: मंद लाइट्स डोळ्यांना करड्या-पांढुरक्या, ढगाच्या पट्ट्यासारख्या दिसतात. अंधारात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, कॅमेऱ्याला कळतात. जोर वाढला की हिरवा रंग उघड्या डोळ्यांनाही स्पष्ट दिसतो आणि खालची कड गुलाबी होते. शंका आली तर मोबाइलवर ३ सेकंदांचा नाइट मोड फोटो काढून बघा. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, फोकस हाताने ताऱ्यावर, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० च्या आसपास, ५ ते १० सेकंद. लाइट्स वेगाने हलत असतील तर वेळ कमी करा. घरात शिरण्याआधी कॅमेरा बंद पिशवीत घाला, नाहीतर आतून बाष्प धरतं.

दिवसाच्या फिरण्यात फारसं गुंतागुंतीचं नाही. फ्येलहाइसेन या केबलकारने ४२१ मीटरवर जाता येतं, जोराचा वारा असेल तर ती बंद असते, म्हणून सकाळी खात्री करूनच निघा. १९६५ साली बांधलेलं आर्क्टिक कॅथेड्रल त्याच बाजूला आहे, दोन्ही एका दिवसात उरकतात. रेनडियर स्लेज आईंना चालेल. कुत्र्यांच्या स्लेजमध्ये धक्के बसतात, कंबर-गुडघ्याला नको. व्हेल बघायचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी, तुमच्या तारखांना तो सरलेला असतो.

घरातलं थोडकं. तूप, पेढे, खवा, चीज आणि मांसाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे, सामानात सापडले तर जातात. चिवडा, बाकरवडी आणायला हरकत नाही. चिक्की बाहेर खिशात ठेवली की दगड होते, बाबांची कवळी असेल तर विसराच. थर्मासमध्ये चहा आणि पोळीभाजीचा रोल फॉइलमध्ये गुंडाळून जॅकेटच्या आत, हे सोयीचं. मिरचीची फोडणी देताना पंखा पूर्ण वेगात आणि दार बंद ठेवा, कारण स्मोक अलार्म वाजतो, आणि काही इमारतींत तो थेट अग्निशामक दलाला जोडलेला असतो. न्हाणीघरात पाण्यासाठी प्लास्टिकचा मग (टमरेल) ठेवा. ओस्लोला विमान बदलत असतील तर सामान तिथे काढून कस्टममधून न्यावं लागतं का, हे विमान कंपनीला विचारून घ्या, आणि व्हीलचेअर किमान ४८ तास आधी नोंदवा. जाड जॅकेट चेक-इनमध्ये नको, हातात.