वाचकांचे प्रश्न: सुट्टीतले संशोधन आणि घरातला पहिला पदवीधर

पदवीच्या मुलांचे उन्हाळी संशोधन प्रकल्प या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि तालुक्यांच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत.

उन्हाळी प्रकल्पासाठी आमच्याकडे ४ जागा आहेत. दरवर्षी अर्ज करणारी मुले एकाच तऱ्हेची: इंग्रजी बरे, आईवडील शिकलेले. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली, वस्ती-तांड्यावरची मुले अर्जच करत नाहीत. निवड कशी करावी?
— रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, सोलापूर

अर्ज का येत नाहीत याचे उत्तर बहुतेक वेळा नोटिशीतच सापडते. 'इच्छुकांनी बायोडेटा घेऊन भेटावे' एवढेच लिहिले की ज्याने आयुष्यात बायोडेटा पाहिलेला नाही तो तिथेच थांबतो. मानधनाचा उल्लेख नसेल तर घरचे धरून चालतात की महिनाभर फुकट राबायचे आहे. नोटीस मराठीत लावा. प्रकल्प किती आठवड्यांचा, रोज किती वाजता सुटी होणार, पैसे किती आणि कोणत्या तारखेला मिळणार, आधीचा अनुभव लागत नाही, एवढे तीत स्पष्ट असू द्या. प्रत्येक प्रॅक्टिकलच्या बॅचला ती स्वतः वाचून दाखवा. आणि ज्याची वही नेटकी आहे, रीडिंग जुळले नाही की जो गुपचूप पुन्हा ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची नळी) भरतो, त्याला नाव घेऊन सांगा, 'तू अर्ज कर.' हे एक वाक्य दहा नोटिशींपेक्षा जास्त काम करते.

मुलाखत घेऊच नका. मुलाखतीत बोलकेपणाची परीक्षा होते, हाताची होत नाही. त्याऐवजी जोड्या करून २ तास टायट्रेशन (ब्युरेटने एक द्रावण सोडून दुसऱ्याचे प्रमाण मोजणे) करायला द्या. लागोपाठची दोन रीडिंग ०.१ मिलिच्या आत आली नाहीत तर मुले काय करतात ते पाहा. कोणी तिसरे घेतो, कोणी शेजारच्या टेबलावरचा आकडा उतरवतो. एखादा विषय राहिला म्हणून नाव कापू नका. त्याची परीक्षा प्रकल्पाच्या मध्ये येत नाही ना, एवढे तपासा. घ्यायची ती मुले जोडीने घ्या. एकटी मुलगी किंवा एकटा तांड्यावरचा मुलगा गटात अवघडून जातो. या जागा 'गरीब मुलांसाठी' आहेत असे मात्र कुठेही म्हणू नका. तो शिक्का मुलांना वर्षभर पुरतो.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई विड्या वळते, सुट्टीत मीही वळते. सरांनी प्रकल्पाला ये म्हटलं आहे, पण घरी विचारतात, पैसे किती मिळणार? सरांना हे विचारायला लाज वाटते.
— विद्यार्थिनी, अक्कलकोट रस्ता

विचार, आणि प्रकल्प सुरू व्हायच्या आधी विचार. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिही: 'सर, सुट्टीत मी घरकामात कमावते. प्रकल्पाचे मानधन किती आणि कधी मिळेल ते कळले तर घरी सांगता येईल.' यात लाजण्यासारखे काहीही नाही. घरी बसताना कागदावर हिशेब मांड. विड्यांतून आठवड्याला तुझ्या वाट्याचे किती सुटतात, येण्याजाण्याला किती लागतील (एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे हे धरून), आणि मानधनातून किती उरतात. तूट दिसली तर दोन गोष्टी मागता येतात: सकाळची अर्धी वेळ, म्हणजे दुपारी घरचे काम होईल, आणि महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजना असेल तर तिच्यात नाव. तरीही जमत नसेल तर यंदा नको म्हणायला हरकत नाही. त्यावरून तुझी हुशारी ठरत नाही. पुढच्या वर्षी मला पुन्हा विचारा, असे सरांना सांगून ठेव.

हे उत्तर वाचणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. मानधन प्रमाणपत्राबरोबर शेवटी देऊ नका, दर पंधरा दिवसांनी द्या. बँक खाते आणि आधारची कागदपत्रे प्रकल्पाच्या महिनाभर आधी पूर्ण करून घ्या, नाहीतर पहिला हप्ता तिथेच अडकतो. घरी एक साधे पत्रही पाठवा: कामाची वेळ, सोबत कोण असते, तुमचा फोन नंबर. मुलीच्या बाबतीत बऱ्याचदा या पत्रावरच होकार ठरतो.

मुले 'हो सर' म्हणतात आणि तिसऱ्या आठवड्यात यायची बंद होतात. फोनही उचलत नाहीत. विषय आहे डाळिंबाच्या सालीच्या भुकटीने पाण्यातला मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग काढणे. कुठे चुकते आहे?
— सहायक प्राध्यापक, मोहोळ

पहिला आठवडा शिकण्यात जातो, दुसरा नवलाईत. तिसऱ्यात आकडे विस्कटतात. ज्याच्या घरात संशोधन कोणी पाहिलेले नाही त्याला बिघडलेला प्रयोग म्हणजे आपण नापास झालो असे वाटते. सरांसमोर नापास होऊन उभे राहण्यापेक्षा न येणे त्याला सोपे जाते. म्हणून बिघाड कुठे होणार हे तुम्हीच आधी सांगून ठेवायला हवे, आणि तुमच्या विषयात ते नेमके सांगता येते.

भुकटी नीट धुतलेली नसेल तर सालीचाच तपकिरी रंग पाण्यात उतरतो आणि कलरीमीटरचे (द्रावणाच्या रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्राचे) रीडिंग चुकते. धुतलेले पाणी रंगहीन येईपर्यंत गरम डिस्टिल्ड पाण्याने धुवा, १०५ अंशांवर वाळवा, चाळून घ्या, आणि नुसते पाणी व भुकटी असलेली एक बाटली प्रत्येक वेळी सोबत ठेवा. दुसरी फसगत गाळण कागदाची. मिथिलीन ब्ल्यू कागदालाही चिकटतो आणि श्रेय भुकटीला मिळते. सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून भुकटी तळाला बसवणारे यंत्र) नसेल तर भुकटी न घातलेले द्रावणही तशाच कागदातून गाळून फरक मोजा. क्युवेटच्या (कलरीमीटरमध्ये द्रावण ठेवायच्या भांड्याच्या) काचेवर निळा थर बसतो, तो अल्कोहोलने काढा. तिसरे म्हणजे आपले ऊन. सकाळी आठ आणि दुपारी दोनच्या तापमानात इतका फरक पडतो की अधिशोषणाचे (भुकटीला किती रंग चिकटला याचे) आकडे एकमेकांना जुळत नाहीत. वॉटर बाथ ३० अंशांवर लावून उपयोग नाही, कारण ते फक्त तापवते आणि मे महिन्यात खोलीच त्याच्या वर असते. ४० वर लावा, आणि काम सकाळी साडेसात ते बारा ठेवा.

पहिला आठवडा फक्त प्रमाण आलेखाला (ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांच्या रीडिंगचा आलेख) द्या: लिटरला १ ते ५ मिलिग्रॅम अशी पाच द्रावणे, ६६० नॅनोमीटरचा फिल्टर, तीन वेगवेगळ्या दिवशी. सरळ रेषा येईपर्यंत भुकटीला हात लावायचा नाही. मग लिटरला २० मिलिग्रॅमचे ५० मिलि द्रावण, ०.१ ग्रॅम भुकटी, आणि बदलायचा तो फक्त वेळ. रीडिंग आलेखाबाहेर गेले की द्रावण पातळ करायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. शेवटचे दोन आठवडे पुन्हा मोजण्यासाठी आणि लेखनासाठी राखून ठेवा. निष्कर्षात टॉवेल कारखान्यांच्या सांडपाण्याचा उल्लेख जपून करा. सुती कापडाला बरेचदा रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरतात, ते ऋणप्रभारी. मिथिलीन ब्ल्यू धनप्रभारी. एकावरचा आकडा दुसऱ्याला लागू होत नाही, आणि हा फरक मुलांकडूनच काढून घेतला तर प्रकल्पाचा तो सर्वात चांगला दिवस ठरेल.

'समजले का?' हा प्रश्न सोडून द्या, त्याचे उत्तर 'हो सर'च येणार. 'उद्या आल्यावर पहिली बाटली कोणती उचलशील?' असे विचारा. सोमवारी प्रत्येक जोडीबरोबर २० मिनिटे बसा आणि सुरुवात 'काय बिघडले?' यानेच करा. वहीतली टिपणे मराठी, कन्नड, तेलुगू, ज्या भाषेत हात चालतो त्या भाषेत असू द्या. एकके आणि आकडे तेवढे शिस्तीत. इंग्रजी शेवटच्या आठवड्यात येईल. लग्नसराई आणि जत्रेसाठी ४ दिवसांची रजा आराखड्यातच धरा. मूल न सांगता गैरहजर राहिले तर दुसऱ्याच दिवशी जोडीदारामार्फत निरोप पाठवा, आणि निरोपात प्रयोगाचा उल्लेख नको. 'उद्या ये, आलेख मिळून काढू' इतके पुरे. आठवडा उलटल्यावर परत येणे मुलांना फार जड जाते.

सहा आठवडे काम केले, पोस्टरवर नाव नव्हते. शिफारसपत्र मागितले तर 'तूच लिहून आण' म्हणाले.
— विद्यार्थी, बार्शी

नावाचे बोलणे पहिल्या आठवड्यातच व्हायला हवे: ज्याची रीडिंग वापरली त्याचे नाव, हा साधा नियम कागदावर उतरवून घ्यावा. आता पोस्टर झाले असले तरी पुढच्या सादरीकरणात नाव घालावे, अशी लेखी विनंती कर.

पत्र स्वतः लिहू नकोस, पण त्याचा मजकूर सरांना दे: कोणते मोजमाप तू केलेस, कोणती चूक तू शोधलीस, किती वेळा पुन्हा केलेस. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते. तिच्या अर्जाला शिक्षकाचे पत्र लागते, आणि अर्ज आदल्या वर्षी, साधारण दिवाळीच्या आगेमागे भरावे लागतात. तेव्हा गणपतीतच सरांना भेट, सोबत वहीच्या चार-पाच चांगल्या पानांची झेरॉक्स आणि शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी ने.