जुन्या अमेरिकी गाड्यांच्या जाहिरातींत इंजिनाचं एवढं कौतुक का असायचं? गिऱ्हाइकाला त्यातलं काय कळायचं?

फारसं काही कळत नसणार. पण नाव लक्षात राहायचं आणि आकडा तोंडपाठ व्हायचा. जाहिरातवाल्यांना तेवढं पुरे होतं.

माझं लाडकं उदाहरण ओल्ड्समोबीलचं, म्हणजे जनरल मोटर्स या कंपनीच्या एका विभागाचं. १९४९ साली त्यांनी नवं व्ही-८ (इंग्रजी व्ही आकारात आठ सिलिंडरचं) इंजिन काढलं: सिलिंडरांचं आकारमान ३०३ घन इंच, १३५ अश्वशक्ती, व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला न ठेवता वर हेडमध्ये. एवढं ऐकून कुणी शोरूमकडे धावणार नाही. म्हणून इंजिनाचं नाव ठेवलं 'रॉकेट'. मग काय, जाहिरातीत गाडीशेजारी चक्क रॉकेट, आणि त्यावर घोड्यावर मांड ठोकावी तसं बसलेलं हसरं जोडपं! बॉनेट उघडून दाखवायची गरजच उरली नाही.

आकड्यांचा खेळ जनरल मोटर्सचाच दुसरा विभाग, शेवरोले, खेळला. १९५७ साली फ्युएल इंजेक्शन (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारून देणारी यंत्रणा) लावून २८३ घन इंचांतून २८३ अश्वशक्ती, म्हणजे घन इंचामागे एक घोडा, अशी जाहिरात. हिशेब शाळकरी पोरालाही पाठ होईल असा. मात्र त्या काळच्या आकड्यांवर जरा जपूनच विश्वास ठेवा. इंजिन स्टँडवर चढवून मोजायचे. एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. १९७२ पासून हे सगळं जोडून मोजायला लागले, तेव्हा शेवरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचं एलटी-१ इंजिन आदल्या वर्षीच्या ३३० अश्वशक्तीवरून २५५ वर आलं. इंजिन जवळपास तेच होतं.

'रॉकेट' हे नाव लोकांच्या डोक्यात किती पक्कं बसलं होतं, ते १९७७ साली कळलं. जनरल मोटर्सने त्या वर्षी बऱ्याच ओल्ड्समोबील डेल्टा ८८ गाड्यांत गुपचूप शेवरोलेचं ३५० घन इंची इंजिन बसवलं. तेही व्ही-८च, आणि माझ्या मते चांगलंच दणकट. पण शिकागोतल्या एका मालकाच्या गाडीला ओल्ड्समोबीलचे सुटे भाग बसेनात आणि बिंग फुटलं. पैसे रॉकेटचे घेतले, दिलं भलतंच, म्हणून लोक कोर्टात गेले. इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांनीही दावा ठोकला. शेवटी कंपनीने तडजोड म्हणून २०० डॉलर आणि जादा वॉरंटी देऊ केली.

त्यानंतर ओल्ड्समोबीलच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत एक ओळ येऊ लागली: या गाड्यांत जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या विभागांनी बनवलेली इंजिनं असतात.