हवामान बदलामुळे समशीतोष्ण प्रदेशातल्या लहान नद्यांच्या अन्नजाळ्यावर काय परिणाम होतो?

अन्नजाळं विरळ होतं, आणि थंड पाण्यावर जगणारे जीव त्यातून सगळ्यात आधी गळतात. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० अंशांना जेमतेम ९. नेमका त्याच वेळी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या चयापचयाचा वेग वाढतो, म्हणजे भूकही वाढते आणि ऑक्सिजनची गरजही. दगडाखाली चिकटून बसणारी स्टोनफ्लाय या किड्याची अळी याच कात्रीत सापडते. दुसरी गोष्ट, जी माशांच्या नादात लोक विसरतात: काठच्या झाडांची गळलेली पानं ही लहान नदीची मुख्य शिदोरी. पाणी कोमटलं की सूक्ष्मजीव ती झपाट्याने कुजवतात, आणि पानं कुरतडणाऱ्या किड्यांच्या वाट्याला कमी उरतं. वेल्समधल्या लिन ब्रिआन परिसरातल्या ओढ्यांच्या २५ वर्षांच्या नोंदींवरून, आम्लता नसलेल्या ओढ्यांत दर १ अंश वाढीमागे वसंतातले अपृष्ठवंशी जीव सुमारे २१ टक्क्यांनी घटू शकतात, असा अंदाज निघाला. मात्र हे सरसकट लागू करू नका. काठावर दाट सावली किंवा भूजलाचा झरा असेल तर शेजारचा ओढा तापला तरी हा बराच थंड राहतो.