कोर्स कोणता ते नंतर, आधी नकाशा कुठे आहे ते सांगा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वस्तीत लोकांच्या गटाच्या बैठका घ्यायचं काम सुरू करून चार महिने झाले, सतरा पीडीएफ उतरवून ठेवल्यात, दोन ऑनलाइन कोर्स अर्धवट पडलेत, आणि तरी बैठकीत दोघंच बोलतात, बाकीचे खाली मान घालून बसतात. पहिल्या बैठकीला बावीस जण होते, परवा सात. म्हणून विचारताय की आता काय वाचू, कोणता कोर्स करू.

वर बऱ्याच जणांनी पुस्तकांची नावं दिली आहेत आणि ती चांगलीच आहेत. पण तुम्ही ओघात लिहिलेलं एक वाक्य कुणी धरलेलं दिसत नाही: ‘मागच्या महिन्यात लोकांकडून वस्तीचा नकाशा काढून घेतला, छान झाला, कार्यालयात जमा केला.’ ते वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. हेच वाक्य मी माझ्या पहिल्या वर्षीच्या अहवालात लिहिलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

आधीच सांगते, मी तज्ज्ञ वगैरे नाही. पंधरा-वीस माणसांच्या, समोरासमोर बसणाऱ्या गटांबरोबर काम केलंय, तेवढंच मला कळतं. मोठ्या सभा, स्क्रीनवरच्या बैठका, हाणामारीपर्यंत गेलेले वाद यांबद्दल माझ्या शब्दावर जाऊ नका.

तर माझी गोष्ट. मी नुकताच एक प्रमाणपत्र कोर्स पुरा केला होता. सहभागी पद्धतींवरच्या पेपरात त्या पद्धतींचे मोठे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांच्यावर दोन पानं लिहिली होती. काठी लोकांच्या हाती द्यायची, आपण मागे व्हायचं, खडू त्यांच्याकडे, विश्लेषण त्यांचं, हे सगळं. मार्क उत्तम पडले. त्यानंतर दोनच महिन्यांनी वस्तीत नकाशा काढायला बसलो. दोन संध्याकाळी लागल्या. आधी जमिनीवर खडूने, मग पाच चार्टपेपर चिकटवून त्यावर. जिथे पाणी नीट येतं तिथे निळं, जिथे येत नाही तिथे लाल. एक वयस्क बाई, ज्या एरवी दाराशीच बसायच्या, त्या उठून आल्या आणि तीन खडे ठेवून म्हणाल्या, ही घरं कुणीच मोजत नाही. शेडच्या मागे राहणारे भाडेकरू. त्यावर अर्धा तास भांडण झालं. ती घरं आपली की नाहीत, इथपासून सुरुवात. माझ्या आजवरच्या कामात इतकी जिवंत बैठक फार थोड्या वेळा झाली असेल.

आणि ती संपल्यावर मी नकाशा गुंडाळला, रबर लावलं आणि घेऊन गेले. निधी देणाऱ्या कार्यालयाला अहवालासोबत ‘मूळ प्रत’ हवी होती. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. उलट अभिमान वाटला, पहिलं काम पुरावा म्हणून जमा होतंय!

पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न आला, नकाशा आणला का? म्हटलं, कार्यालयात आहे, आणते. गेले. पहिल्या टेबलवर कळलं, फाइलला लावलाय. दुसऱ्यावर, फाइल वर गेली आहे. पुढच्या खेपेला, अर्ज द्या. अर्ज दिला. त्याच्या पुढच्या खेपेला एका साहेबांनी शांतपणे समजावलं की नकाशा प्रकल्पाच्या दस्तावेजात मोडतो, मूळ प्रत परत देण्याची तरतूद नाही, पण झेरॉक्स मिळेल. मिळाली. पाच चार्टपेपरांचा नकाशा ए-फोर कागदावर, काळ्या-पांढऱ्यात. लाल आणि निळं दोन्ही सारखंच करडं. म्हणजे पाणी कुठे येतं आणि कुठे येत नाही, हे एकच गोष्ट झालं. आणि ती तीन घरं घडीत गेली होती.

तोच कागद घेऊन मी बैठकीला गेले. आज आठवलं तरी कसंसं होतं.

त्यानंतर संख्या घसरत गेली, तुमच्यासारखीच. आणि मी काय केलं? अगदी तुम्ही करताय तेच. माझ्यातच काही तंत्र कमी आहे असं समजून ‘सहभाग कसा वाढवावा’ यावर मिळेल ते गोळा करत सुटले. खेळांची पुस्तिका आणली, गट जागा करायचे चाळीस खेळ. सहा टोप्यांची पद्धत, म्हणजे एकाच प्रश्नाकडे सहा वेगवेगळ्या नजरांनी आळीपाळीने बघायचं, तीही शिकून आले. मोठ्या माणसांना गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. आठ महिने गेले असतील त्यात. शेवटी गटातल्याच एकाने बाजूला घेऊन सांगितलं, ‘तुम्ही काढायला लावता आणि घेऊन जाता. मग कशाला काढायचं?’

माझ्या एकाही पीडीएफमध्ये हे नव्हतं असं म्हणणार होते, पण ते खोटं ठरेल. होतं. लोकांनी काढलेलं लोकांकडे राहावं, आपण फार तर नक्कल न्यावी, हे या पद्धतीचं जुनंच पथ्य आहे. मी ते वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं. फक्त कार्यालयाच्या फॉर्मवर ‘मूळ प्रत जोडा’ असा रकाना होता आणि मी रकान्याचं ऐकलं. म्हणून शिकण्याची साधनं निवडताना माझी पहिली कसोटी आता वेगळी आहे. बैठक कशी घ्यावी हे सगळेच शिकवतात. बैठक संपल्यावर तो कागद कुठे जातो, कुणाच्या नावावर जातो, परत कधी येतो, याबद्दल ते पुस्तक किंवा तो प्रशिक्षक काही बोलतो का, हे मी बघते. बहुतेक बोलत नाहीत.

आता साधनांबद्दल, कारण तुम्ही तेच विचारलंय.

सतरा पीडीएफ बाजूला ठेवा. एक घ्या, चेंबर्स यांचं ‘पार्टिसिपेटरी वर्कशॉप्स’, २००२ चं. त्यात कार्यशाळा घेताना स्वतः करत असलेल्या २१ चुकांची यादी त्यांनी दिली आहे. एवढा मोठा माणूस आपल्या चुका मोजून सांगतो, हे वाचून मला तंत्रांपेक्षा जास्त धीर आला. दुसरं, पर्यावरण आणि विकासावर काम करणाऱ्या लंडनच्या आयआयईडी संस्थेची नियतकालिक मालिका. १९८८ साली ‘आरआरए नोट्स’ (रॅपिड रूरल अप्रेझल, गावाची झटपट पाहणी) म्हणून सुरू झाली, पुढे ‘पीएलए नोट्स’ (पार्टिसिपेटरी लर्निंग अँड अ‍ॅक्शन, लोकांसोबत शिकणं आणि कृती) झाली. जुने अंक फुकट मिळतात. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे छोटे लेख आहेत आणि फसलेल्या कामांबद्दलही लिहिलेलं सापडतं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचं कम्युनिटी टूल बॉक्स हे संकेतस्थळ फुकट आहे, चाळीसहून जास्त प्रकरणं आहेत. पण ते कोशासारखं वापरा. पहिल्यापासून वाचायला घेतलंत तर चार महिन्यांनी पुन्हा अशीच पोस्ट लिहाल.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांचं ‘पेडागॉजी ऑफ द ऑप्रेस्ड’ वाचाच असं सगळे सांगतात. वाचा, पण त्यातलं शिकणाऱ्याच्या डोक्यात माहितीची ठेव भरणाऱ्या ‘बँकिंग’ शिक्षणावरचं प्रकरण आधी वाचा आणि लगेच स्वतःचा बैठकीचा आराखडा त्याच्या शेजारी ठेवा. मी ठेवला तेव्हा त्यात मी नऊ मुद्दे ‘सांगणार’ होते आणि दोन ‘विचारणार’ होते.

शेरी अर्नस्टीन यांचा १९६९ चा सहभागाच्या शिडीवरचा लेख छोटा आहे, एका बैठकीत संपतो. आठ पायऱ्या आहेत. खालच्या दोन म्हणजे सहभागच नव्हे, मधल्या तीन नुसत्या देखाव्याच्या, वरच्या तीनवर लोकांच्या हातात खरोखर काही सत्ता येते. मी माझा नकाशा त्यावर ठेवून बघितला. फार फार तर चौथ्या पायरीवर होता, म्हणजे मत विचारलं आणि निघून गेले. पेपरात मी आठवी लिहिली असती.

गट कोणत्या अवस्थांतून जातो याबद्दल मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी केलेल्या मांडणीबद्दल मात्र जरा चिडून लिहिते. प्रत्येक कोर्समध्ये ती स्लाइड असतेच: जुळणं, भांडणं, नियम बसणं, काम करणं. आणि प्रशिक्षक ती वेळापत्रकासारखी शिकवतात. टकमन यांनी १९६५ साली पन्नासेक प्रकाशित अभ्यास चाळून ती मांडणी केली, आणि त्यातले बरेचसे मानसोपचाराच्या गटांवरचे आणि प्रशिक्षणगटांवरचे होते. वस्तीतल्या गटात माणसं येतात-जातात, दर महिन्याला चेहरे बदलतात. माझा गट गप्प झाला तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, ‘दुसरी अवस्था असावी, थांबून बघू.’ कसली दुसरी अवस्था! त्यांचा कागद मी नेला होता. चांगलं मॉडेल हातात असलं की समोरचं साधं कारण दिसेनासं होतं, एवढंच म्हणायचंय. मॉडेल वाईट नाही.

तसंच ‘सहभाग’ या कल्पनेवरच टीका करणारं एक पुस्तक आहे, कुक आणि कोठारी यांनी संपादित केलेलं, २००१ चं. सहभाग ही नवी जुलूमशाही आहे का, असा त्याचा प्रश्न. फार महत्त्वाचं, पण आत्ता वाचू नका. आत्ता वाचलंत तर राजीनामा द्याल. वर्षभराने वाचा, त्यातलं अर्धं तुम्ही स्वतः पाहिलेलं असेल.

बरं, ते दोघंच बोलणारे. त्यांना गप्प करायला जाऊ नका, ते आहेत म्हणून बैठक होतेय. सगळ्यांना एकदम प्रश्न टाकण्याऐवजी आधी प्रत्येकाने मनाशी विचार करायचा, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायचं, मग एकेकाने एकच मुद्दा सांगायचा, फेरी पूर्ण होईपर्यंत चर्चा नाही. याचं जास्त काटेकोर रूप नॉमिनल ग्रुप टेक्निक म्हणून आहे, त्यात आधी शांतपणे लिहायचं असतं आणि शेवटी मतं देऊन क्रम लावायचा असतो. लिहिता न येणारे असतील तर लिहिण्याचा आग्रह सोडा, जोडीने बोलणं पुरतं. आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. मी तिसऱ्या आकड्यालाच स्वतः उत्तर द्यायचे.

हे मला कुठून कळलं? एका सहकारी मैत्रिणीला मी कोपऱ्यात बसवलं होतं. तिने कागदावर गोल काढून सगळ्यांची नावं लिहिली आणि जो बोलेल त्याच्यासमोर रेघ मारत गेली. सगळ्यात जास्त रेघा माझ्यासमोर होत्या. त्या ‘दोघांच्या’ मिळून होत्या त्यापेक्षाही जास्त. एक कागद, एक पेन, फुकट. कुठल्याही कोर्सने मला इतकं शिकवलं नाही. तुमच्या आसपास असं काम करणारं दुसरं कुणी असेल तर महिन्यातून एकदा तुम्ही त्यांच्या बैठकीला जा, त्यांनी तुमच्या यावं. बैठक संपल्यावर चार प्रश्न क्रमाने: काय दिसलं, कसं वाटलं, त्याचा अर्थ काय, पुढच्या वेळी काय करायचं. हा क्रमही माझा नाही, इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्सच्या पद्धतीतला आहे. पहिला प्रश्न सोडून थेट तिसऱ्यावर उडी मारू नका. आपण सगळे मारतो.

जाता जाता एक फुटकळ गोष्ट. चार्टवर लिहायला काळा किंवा निळा जाड मार्कर, चपट्या टोकाचा. लाल-हिरव्यात लिहिलेलं मागून दिसत नाही. आणि सगळ्यांना एकाच बाजूने बघायला लावण्यापेक्षा कागद मध्ये जमिनीवर पसरा, भोवती बसा. उभं राहून लिहिणारा आपोआप मास्तर होतो.

कोर्सबद्दल एवढंच. फी भरण्याआधी विचारा की मी स्वतः बैठक चालवतेय आणि कुणीतरी बघून मला बोलतंय, असे किती तास आहेत. ‘शेवटच्या दिवशी सादरीकरण आहे’ असं उत्तर आलं तर पैसे वाचवा. प्रमाणपत्र नोकरीसाठी हवंच असेल तर करा, त्यात लाज नाही, मीही केलं. तुमची परिस्थिती मला ठाऊक नाही. आणि गटाला जुन्या जखमा उघडायला लावणारे खेळ दोन दिवसांच्या शिबिरात शिकून लगेच वापरू नका. त्यानंतर सावरायला कोण थांबणार, हे ठरलेलं नसेल तर नकोच.

पण हे सगळं पुढच्या आठवड्यात. उद्या सकाळी आधी कार्यालयात जा. फाइल अजून वर गेली नसेल. मूळ प्रत मागा आणि त्याऐवजी त्यांना फोटो द्या. बहुतेक ठिकाणी फोटो चालतो, फक्त कुणी विचारत नाही. नाहीच म्हणाले तर पूर्ण आकाराची रंगीत प्रत काढून घ्या, खर्च स्वतः करावा लागला तरी. झेरॉक्सवर समाधान मानू नका. तेही जमलं नाही तर तसंच्या तसं गटाला सांगा, त्यांनी विचारण्याआधी, आणि ‘आणते’ असं म्हणू नका. मी तीन बैठका ‘आणते’ म्हणत होते.

माझ्या गटाने चौदा महिन्यांनी दुसरा नकाशा काढला. तो त्यांच्यातल्याच एकाच्या घरी आहे. पहिला परत आला नाही. तुमच्याचं काय झालं ते इथेच कळवा, मी बघत राहीन.