रॅलेला येताय, तर ऑइल चेंजबद्दल

तुम्ही विचारलंय की बायको-मुलीला घेऊन अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेजवळ येतोय, जुनी टोयोटा घेणार, तर ती दहा मिनिटांत ऑइल बदलून देणारी दुकानं विश्वासाची की डीलरच बरा? आणि जाता जाता, तिकडे एकटं वाटतं का? व्हिसा, बँक, घरभाडं यांचं सरकारी माहितीत सगळं सापडेल, मी त्यात पडत नाही. ऑइलवर मात्र बोलणार. माझे वडील विट्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते.

दुकानं वाईट नाहीत. जिफी ल्यूब, व्हॅल्व्होलिन, टेक फाइव्ह, कुठेही अपॉइंटमेंट लागत नाही. टेक फाइव्हला तर गाडीतून उतरायचंही नसतं. पण खाली काम करणारं पोरगं बऱ्याचदा नवखं असतं. ड्रेन प्लग, म्हणजे जुनं ऑइल काढायचं खालचं बूच, वाजवीपेक्षा आवळला की आटे जातात. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला, तर ऑइल गळून इंजिन बसतं. रोज होत नाही, पण झालं की भरपाईसाठी महिनोन्‌महिने भांडायचं. म्हणून निघण्याआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) स्वतः ओढून बघा, गाडीखाली वाकून बघा. कुणी हसलं तर हसू दे.

बदनामीचं खरं कारण वेगळं आहे. नुसत्या ऑइलवर त्यांचं भागत नाही. दर गाडीमागे सरासरी बिल किती झालं, यावर मॅनेजरचं वरून मोजमाप होतं. मग तो पोरगा तुमचा काळा एअर फिल्टर नाकासमोर धरतो, मग केबिन फिल्टर (गाडीत आत येणारी हवा गाळणारा), मग ट्रान्समिशन फ्लश, म्हणजे गिअरचं ऑइल बदलणं. केबिन फिल्टर टोयोटात ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. दुकानातून पंधरा-वीस डॉलरचा आणून मुलगीसुद्धा बदलेल. फक्त ‘नो थँक्स, जस्ट द ऑइल’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. आपल्याला ते जमत नाही, आपण ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतो. ते कॉम्प्युटरमध्ये नोंदलं जातं आणि पुढच्या वेळी वाचून दाखवलं जातं! वर गाडी मी चालवत असले तरी सगळं समजावणं शेजारी बसलेल्या नवऱ्याला, ज्याला बॉनेट कुठून उघडतं तेही ठाऊक नाही.

ऑइल बदलल्यावर काचेवर जो स्टिकर लावतात त्यावर पुढची वेळ लवकरचीच लिहितात, कधी तीन, कधी पाच हजार मैल. टोयोटाच्या ज्या गाड्यांना ०डब्ल्यू-२० या ग्रेडचं सिंथेटिक ऑइल चालतं, त्यातल्या बहुतेकांचं मॅन्युअल साध्या वापराला १०,००० मैल किंवा वर्ष सांगतं. मॅन्युअलचं ऐका. पावत्या जपा. ‘बाहेर ऑइल बदललं की वॉरंटी जाते’ असं डीलर सुचवतील. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीच्या कायद्याने तशी अट घालता येत नाही.

कागदांवरून आठवलं. शाळेच्या प्रवेशात ‘घरी कोणती भाषा बोलता’ असा रकाना असतो. आम्ही अर्थातच मराठी लिहिलं. त्यावरून मुलीची इंग्रजीची चाचणी झाली. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली पोर, पण अनोळखी बाईंसमोर तिने तोंड उघडलं नाही. मग वर्गात गणित चालू असताना तिला उठवून इंग्रजीच्या जादा तासाला नेत. मी शाळेत पत्रं लिहिली, भेटले. सगळे हसून ऐकायचे आणि काही व्हायचं नाही. एक दिवस गाडीत तिने विचारलं, ‘आपण घरी मराठी बोलतो म्हणून का?’ त्यानंतर ती आम्हाला इंग्रजीतच उत्तरं द्यायला लागली. आता कॉलेजात आहे, अजून तसंच. तो रकाना मी आजही मराठीच भरेन, पण तुम्हाला ‘भरा’ म्हणायला जीभ रेटत नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर असतो. मराठी मंडळ आहे, गणपती असतो, होते सवय.

खरं म्हणजे ऑइल मी घरीच बदलू शकते. बाबांनी शिकवलंय. पाच क्वार्टचा (पावणेपाच लिटरचा) सिंथेटिकचा कॅन आणि फिल्टर मिळून साधारण पस्तीस-चाळीस डॉलर, आणि जुनं ऑइल ऑटोझोन या गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानवाले फुकट घेतात. (अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मात्र करू नका, करारात बहुधा मनाई असते.) आम्हाला आता स्वतःचा ड्राइव्हवे आहे. तरी मी दुकानात जाते, नव्वद-शंभर डॉलर देते. गाडी खड्ड्यावर उभी राहते, खालचा ओरडतो ‘प्लग टाइट’, वरचा तेच परत ओरडतो. डेपोत खड्ड्यात उतरलेले बाबा आणि वरचे त्यांचे जोडीदार असंच करायचे. मी डबा घेऊन जायची तेव्हा ऐकलंय. बाबांना व्हिसा दोनदा नाकारला गेला, ते इकडे कधी आलेच नाहीत. व्हिडिओ कॉलवर विचारतात, ‘ऑइल कितीला बदललंस?’ मी मैल सांगते, डॉलर सांगत नाही.

तुम्ही कूपन घेऊन जा. त्या त्या दुकानाच्या साइटवर बहुतेक वेळा असतंच, पंधरा-वीस डॉलर सुटतात.