अग्निशमन केंद्रासाठी आर्किटेक्ट नेमताना

प्रश्न: आमच्या शहराचं अग्निशमन केंद्र फार जुनं झालंय, नवीन बंब दारातून जेमतेम आत जातो. त्याच जागेवर नवी इमारत बांधायचं ठरलंय आणि आर्किटेक्ट निवडायच्या समितीत मी आहे. एकाची फी सगळ्यात कमी आहे आणि दुसऱ्याचं थ्रीडी चित्र बघून बाकीचे सदस्य एकदम खूश झालेत. काय बघून ठरवावं?

उत्तर: फी आणि चित्र दोन्ही आधी बाजूला ठेवा, हे अगदी कळकळीने सांगते. आर्किटेक्टची फी एकूण खर्चातला लहानसा भाग असतो आणि इमारत मात्र पुढची कित्येक दशकं वापरायची असते, त्यामुळे प्लॅन चुकला तर फीमध्ये वाचलेले पैसे कुठल्या कुठे जातात. अनुभव आणि टीम बघून नंबर लावा, मग पहिल्याशी फीचं बोला, नाहीच जमलं तर दुसऱ्याला बोलवा.

मुलाखतीत त्यांनी आधी केलेल्या एखाद्या केंद्राचा प्लॅन समोर ठेवा आणि म्हणा, मध्यरात्री वर्दी आलीय, झोपलेला जवान उठून गाडीत बसेपर्यंत कुठून कुठून जातो ते बोटाने दाखवा. किती दारं, किती वळणं, मध्ये जिना आहे का, किट, म्हणजे आगीत घालायचा संरक्षक पोशाख, कुठे चढवतो. एनएफपीए १७१० या अमेरिकन मानकात आगीच्या वर्दीला तयार होऊन निघायला ८० सेकंद धरलेत, म्हणजे एक नको तिथला कॉरिडॉरसुद्धा महागात पडतो.

मग त्याच जवानाला आगीवरून परत आणा. हे बरेच जण विसरतात आणि मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. किटवर काजळी आणि विषारी रसायनं बसलेली असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं कामच कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. डिझेलचा धूर तर २०१२ पासूनच त्या गटात आहे. म्हणून मळकं किट स्वयंपाकघराच्या किंवा झोपायच्या खोलीच्या वाटेवर येताच कामा नये, धुवायचं मशीन आणि शॉवर गाड्यांच्या शेडला लागूनच हवेत, स्वच्छ किटला शेडबाहेर वेगळी खोली हवी, आणि गाडीच्या सायलेन्सरला लावायची धूर ओढणारी नळी, जी गाडी बाहेर पडताना आपोआप सुटते, ती पहिल्या ड्रॉइंगपासून धरलेली हवी. नंतर बघू म्हणणारा मला चालणार नाही.

तुमची जागा तीच आहे, म्हणजे खरी गोची वेगळीच आहे. बांधकाम चालू असताना बंब निघणार कुठून? प्लॉट मोठा असेल तर मागे नवं उभं करून मग जुनं पाडता येतं, नाहीतर तात्पुरतं केंद्र लागतं, आणि ते लांब गेलं की एखाद्या भागात पोचायला उशीर होणार, तो किती हे आधी मोजावं लागतं. तुम्ही न विचारता ज्याने हा विषय काढला त्याला माझं मत जाईल.

भूकंपानंतर हीच इमारत चालू राहिली पाहिजे, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण आहे तेही बघून घ्या. आणि त्यांनी केलेल्या केंद्रावर एक चक्कर मारा, आर्किटेक्टला सोबत न घेता, तिथले जवान मोकळेपणी बोलतात.

प्रश्न: मी अग्निशमन दलात ड्रायव्हर आहे. नवीन केंद्राचं डिझाइन वरच्या पातळीवरच ठरतं, आम्हाला थेट उद्घाटनालाच बोलावतात. आमचं म्हणणं कसं पोचवायचं?

उत्तर: तुमचा राग अगदी रास्त आहे. प्रत्येक पाळीतला एकेक जण, महिला जवान धरून, डिझाइन सुरू व्हायच्या आधी गरजांच्या यादीवर बसला पाहिजे, अशी लेखी मागणी प्रमुखांकडे करा. दुसरं म्हणजे मैदानावर चुन्याने शेडचा खऱ्या मापाचा आराखडा आखायला लावा आणि सगळ्यात मोठी गाडी त्यात उभी करून तिची सगळी दारं, लॉकर उघडा, मधून किट घातलेला माणूस जातो का ते तिथेच दिसेल. गाडी रिव्हर्स न घेता मागून आत, पुढून बाहेर अशी वाट मिळत असेल तर ती सोडू नका. आर्किटेक्टच्या करारातच घाला की जवानांच्या या गटाने बघून सही केल्याशिवाय प्लॅन फायनल होणार नाही.